दुर्बिणीने की टाक्याने, हे ठरवण्यापूर्वी: गर्भपिशवी आणि अंडाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा मार्ग कसा निवडावा

नाशिकमध्ये स्त्रीरोग विभागात परिचारिका म्हणून 17 वर्षे काम करताना मी एक प्रश्न जितक्या वेळा ऐकला, तितका दुसरा कोणताही ऐकला नाही: "सिस्टर, दुर्बिणीचे करू का टाक्याचे?" म्हणजे छोट्या छेदांतून की पोट उघडून. विचारणारी बाई सिडकोतली असो किंवा सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेली असो, गर्भपिशवी काढायची हे तिच्या मनाने घेतलेले असते आणि उरलेला प्रश्न फक्त टाक्यांचा असतो. अंडाशयांचा विषय त्या बोलण्यात येतच नाही. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेचा मार्ग बऱ्याच अंशी अंडाशयांच्या निर्णयावर ठरतो. शिवाय टाक्यांची खूण वर्षभरात फिकी पडते, तर अकाली अंडाशय गेल्याचे परिणाम वीस-तीस वर्षे सोबत राहतात. म्हणून या लेखात मार्गाची तुलना तिसऱ्या पायरीवर येते, पहिल्या नव्हे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी या कामात नव्हते. त्या 41 वर्षांच्या होत्या, फायब्रॉइडच्या गाठी होत्या आणि दर पाळीला अंगावरून फार जात असे. रक्तस्राव थांबला, पण दोन महिन्यांत रात्री घामाने गाऊन भिजू लागला, झोप उडाली आणि घरात "वहिनींचा स्वभाव बदलला" अशी कुजबुज सुरू झाली. तीन वर्षांनी ओट्याजवळ पाय घसरून मनगट मोडले, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी जुनी फाइल मागवली. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, "टीएएच विथ बीएसओ". म्हणजे पोट उघडून संपूर्ण गर्भपिशवी आणि तिच्यासोबत दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या व अंडाशय. संमतीपत्रावरही हीच अक्षरे होती आणि खाली जाऊबाईंची ठसठशीत सही होती. त्या रुग्णालयात त्यांच्याशी कोणी वाईट वागले नव्हते, फक्त त्या अक्षरांचा अर्थ त्यांना मराठीत कोणी सांगितला नव्हता.

पहिली पायरी: गर्भपिशवी काढण्याची गरज कागदावर आणा

डॉक्टरांकडून निदान एका वाक्यात लिहून घ्यावे. "गर्भपिशवी खराब झाली आहे" किंवा "पिशवीला सूज आहे" हे निदान नव्हे. फायब्रॉइड, अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तर गर्भपिशवीच्या भिंतीत शिरणे), एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारखा थर गर्भपिशवीबाहेर वाढणे), अंग बाहेर येणे, अस्तराची असाधारण वाढ, कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था, अशी नावे असलेली कारणे असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते. पांढरे जाणे किंवा कंबरदुखी एवढ्यावर गर्भपिशवी काढू नये, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही.

अंगावरून जास्त जात असेल, तर शस्त्रक्रियेआधी ट्रानेक्झामिक आम्लाच्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा गर्भपिशवीत बसवायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची संप्रेरकयुक्त तांबी हे पर्याय विचारून पाहावेत. ही तांबी कुटुंबनियोजनाच्या साध्या तांबीसारखी दिसते, पण तिचे काम उलट आहे: साध्या तांबीने पाळी वाढू शकते, हिने ती बरीच कमी होते. चाळिशीच्या पुढे, अनियमित रक्तस्राव असेल तर, गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय मोठ्या शस्त्रक्रियेला हो म्हणू नये. हा तुकडा बहुधा बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत घेता येतो. गर्भाशयमुखाची पॅप किंवा एचपीव्ही चाचणीही याच वेळी व्हावी, कारण आत कर्करोग असेल तर शस्त्रक्रियेचे सगळे गणितच बदलते.

दुसरे मत घेतल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. 2022 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या स्वीकारण्यास सांगितले. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. खासगी दवाखान्यातली सोनोग्राफी आणि रिपोर्ट घेऊन तिथल्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ घालवली, तर ती वाया जात नाही.

दुसरी पायरी: अंडाशय ठेवायचे की काढायचे

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि इथेच सर्वांत कमी बोलले जाते. "पिशवी काढतोच आहोत, तर तेही काढून टाकू, उद्या कॅन्सर नको" हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. त्यात अर्धे सत्य आहे. अंडाशय काढल्याने अंडाशयाचा कर्करोग जवळजवळ टळतो. परंतु सर्वसाधारण स्त्रीला तो कर्करोग होण्याची शक्यता मुळातच कमी असते, आणि अंडाशय केवळ बीज तयार करत नाहीत. पाळी जाईपर्यंत ते इस्ट्रोजेन देतात, त्यानंतरही काही वर्षे थोडी संप्रेरके देत राहतात, आणि हाडे, हृदय, झोप, योनीचा ओलावा व स्मरणशक्ती या सर्वांशी त्यांचा संबंध असतो.

अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या बाबतीत नेहमी सांगितले जातात. गर्भपिशवी काढलेल्या सुमारे 29 हजार स्त्रियांचा 24 वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांचे दोन्ही अंडाशयही काढले होते त्यांच्यात अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी आढळला, मात्र हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त आढळले, आणि अंडाशय काढल्याने आयुष्य वाढले असे कोणत्याही वयोगटात दिसले नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे त्यातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही. तरीही पाळी चालू असलेल्या आणि कर्करोगाचा आनुवंशिक धोका नसलेल्या स्त्रीचे निरोगी अंडाशय शक्यतो ठेवावेत, हा आजचा सर्वसाधारण वैद्यकीय कल आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे आणि ती मी प्रत्येक बाईला सांगते: अंडाशय ठेवून फक्त बीजवाहिन्या काढणे. अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वांत घातक व सर्वाधिक आढळणारा प्रकार पुष्कळदा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, हे गेल्या दोन दशकांत स्पष्ट झाले आहे. मुले झाल्यावर बीजवाहिन्यांचे काम संपलेले असते आणि त्या काढल्याने संप्रेरकांवर फारसा परिणाम होत नाही. बहुतेकींचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले असते, तरी उरलेला भाग काढता येतो.

अंडाशय काढणेच योग्य ठरते अशा परिस्थितीही आहेत आणि त्यांत कचरू नये. बीआरसीए जनुकातील दोष, म्हणजे स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, हे त्यांतले सर्वांत ठळक कारण. बीआरसीए-1 असल्यास साधारण 35 ते 40 आणि बीआरसीए-2 असल्यास 40 ते 45 या वयात, मुले झाल्यानंतर, बीजवाहिन्यांसह अंडाशय काढण्याचा सल्ला दिला जातो. आई, मावशी, आत्या किंवा बहीण यांना अंडाशयाचा, अथवा कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी जनुकीय समुपदेशन करून घ्यावे. आपल्याकडे "आत्याला पोटात गाठ होती" एवढेच माहीत असते, म्हणून माहेरी आणि सासरी दोन्हीकडे फोन करून नीट विचारावे. अर्थात धोका रक्ताच्या नात्याचा मोजायचा, सासूबाईंचा आजार सुनेकडे येत नाही. अंडाशयातच संशयास्पद गाठ असणे, गर्भपिशवीचा कर्करोग आणि अंडाशय व्यापून बसलेला तीव्र एंडोमेट्रिओसिस ही इतर कारणे. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रीच्या बाबतीत दोन्ही बाजू जवळजवळ समतोल होतात आणि तिच्या इच्छेला अधिक वजन येते.

पन्नाशीच्या आत दोन्ही अंडाशय काढावे लागणार असतील, तर संप्रेरक उपचाराची चर्चा शस्त्रक्रियेच्या आधी व्हावी. गर्भपिशवी नसल्यामुळे बहुधा केवळ इस्ट्रोजेन पुरते आणि पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते देण्याचा विचार केला जातो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीसाठी मात्र हा उपचार बहुधा वर्ज्य असतो.

तिसरी पायरी: मार्गांची तुलना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंनी मुख्य रक्तवाहिन्या येतात आणि त्यांच्या खालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून, मूत्रवाहिनी म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी जाते. अंडाशय वरच्या बाजूला एका पट्ट्याने ओटीपोटाच्या भिंतीला टांगलेले असतात, त्या पट्ट्यातून त्यांची रक्तवाहिनी येते, आणि तिथेही मूत्रवाहिनी जवळूनच गेलेली असते. म्हणजे अंडाशय ठेवायचे असतील तर शल्यचिकित्सक गर्भपिशवीलगत छेद घेतात, काढायचे असतील तर त्यांना आणखी वर, मूत्रवाहिनीच्या दुसऱ्या नाजूक वळणापर्यंत जावे लागते. प्रत्येक मार्गाची खरी परीक्षा ही की या दोन्ही ठिकाणी नजर आणि हात किती नीट पोहोचतात.

खालून, म्हणजे योनीमार्गे केलेली शस्त्रक्रिया आपल्याकडे "बिनटाक्याची" म्हणून ओळखली जाते. टाके असतातच, ते आत असतात. पोटावर एकही छेद नसतो, बहुधा कमरेतली भूल पुरते, दुखणे कमी असते आणि एक-दोन दिवसांत घरी जाता येते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेने 2017 मध्ये, कर्करोग नसलेल्या आजारात शक्य असेल तिथे याच मार्गाला पहिली पसंती द्यावी असे म्हटले आहे. अंग बाहेर आलेल्या स्त्रीसाठी तर हा स्वाभाविकच मार्ग, पण अंग बाहेर आले नसले तरी तो शक्य असतो, आणि हे अनेकींना कोणी सांगत नाही. माझे स्पष्ट मत असे की हा मार्ग मागे पडण्याचे एक कारण त्याला दुर्बिणीसारखी झळाळी नाही हे आहे.

याच मार्गाने अंडाशयही काढता येतात, पण दर वेळी नाही. अंडाशय खाली ओढले गेले तर पट्टा बांधून ते काढता येतात. ते वर आणि ताठ बसले असतील, एंडोमेट्रिओसिसने चिकटले असतील किंवा बाईला एकही बाळंतपण खालून झाले नसेल, तर ते हाती लागतीलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून अंडाशय "जमल्यास काढू" या वर्गात आहेत की "काढलेच पाहिजेत" या वर्गात, हे डॉक्टरांना आधी विचारावे. पहिल्या वर्गात खालचा मार्ग चालतो. दुसऱ्या वर्गात, विशेषतः बीआरसीएच्या बाबतीत, दुर्बिणीचा मार्ग अधिक सुरक्षित: पोटातील द्रवाचा नमुना घेता येतो, पोटाची आतली बाजू पूर्ण पाहता येते आणि अंडाशयाचा कणही मागे न ठेवता रक्तवाहिनी वरच कापता येते. गर्भपिशवीचा आकार सुमारे 12 आठवड्यांच्या गर्भाहून मोठा असेल तर खालचा मार्ग अवघड होतो, अशक्य होतो असे नाही; अनुभवी हात तिचे तुकडे करत बाहेर काढतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीपाशी एक आणि बाजूंना आणखी दोन-तीन, अर्धा ते एक सेंटिमीटरचे छेद असतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, डोके खाली आणि पाय वर अशी टेबलाची स्थिती ठेवतात आणि पूर्ण भूल देतात. 1988 मध्ये अमेरिकेत हॅरी राइख यांनी या पद्धतीने पहिली गर्भपिशवी काढली. संपूर्ण काम दुर्बिणीतून करणे हा एक प्रकार, आणि वरचा भाग दुर्बिणीने सोडवून उरलेले खालून पुरे करणे हा दुसरा. चिकटलेले अवयव, एंडोमेट्रिओसिस, पूर्वीची सिझेरियन आणि अंडाशय नक्की काढायचे असणे, इथे हा मार्ग उजवा ठरतो, कारण अंडाशयाचा पट्टा आणि मूत्रवाहिनी पडद्यावर मोठ्या आकारात दिसतात. मूत्राशयाला सिझेरियनचा व्रण चिकटला असेल तर तो सोडवताना हे दिसणे फार मोलाचे असते. आपल्याकडे दोन सिझेरियन झालेल्या बायका इतक्या आहेत की हा मुद्दा दर तिसऱ्या फाइलमध्ये येतो.

तोटेही सांगायला हवेत. ब्रिटनमधील ज्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात दुर्बिणीच्या गटात गंभीर गुंतागुंत 11.1 टक्के आणि पोट उघडलेल्या गटात 6.2 टक्के आढळली होती. दुसरीकडे दुर्बिणीच्या गटात दुखणे कमी होते आणि मुक्काम चारऐवजी तीन दिवसांचा होता. तेव्हापासून साधने आणि कौशल्य दोन्ही पुढे गेले आहेत. तरीही मूत्रमार्गाला इजा होण्याची शक्यता आणि योनीच्या वरच्या टोकाची शिवण उसवण्याची शक्यता या मार्गात अधिक असते, हे लक्षात ठेवावे. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो तो उरलेल्या वायूमुळे, हृदयामुळे नव्हे. हे आधी सांगितले नाही तर नातेवाईक रात्री दोन वाजता घाबरून नर्सला उठवतात.

मोठी गर्भपिशवी लहान छेदातून काढण्यासाठी तिचे यंत्राने बारीक तुकडे करतात. गाठ फायब्रॉइडची समजून ती सार्कोमा, म्हणजे एक दुर्मीळ कर्करोग, निघाली, तर हे तुकडे पोटात कर्करोग पसरवू शकतात. 2014 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला आणि फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 350 स्त्रियांत एकीला असा छुपा सार्कोमा असतो असा अंदाज मांडला. म्हणून तुकडे करावे लागणार असतील तर ते पोटात सोडलेल्या बंद पिशवीच्या (ही गर्भपिशवी नव्हे) आत करणार का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाळी गेल्यानंतर वाढणारी गाठ असेल, तर तुकडे करूच नयेत.

रोबोटची शस्त्रक्रिया म्हणजे दुर्बिणीचीच, फक्त साधने यंत्राच्या हातांत आणि यंत्र डॉक्टरांच्या हातांत. साध्या आजारात तिचा परिणाम नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही आणि खर्च मात्र वाढतो. केवळ रोबोटसाठी मुंबईला जावे असे मला वाटत नाही. अतिस्थूलपणा किंवा गुंतागुंतीचा कर्करोग असेल तर गोष्ट वेगळी.

पोट उघडून करण्याचा मार्ग म्हणजे मागासलेला, हा समज नाशिकमध्ये घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. बेंबीपर्यंत आलेली गर्भपिशवी, दाट चिकटलेली आतडी, अंडाशयातील कर्करोगाची दाट शंका, किंवा हृदय-फुप्फुसांच्या आजारामुळे पोटात वायू भरणे आणि डोके खाली करणे न झेपणे, इथे तोच योग्य असतो. सिझेरियनसारखा आडवा छेद साध्या आजारात आणि बेंबीच्या खाली-वर जाणारा उभा छेद संशयास्पद गाठीत घेतात, कारण गाठ न फोडता अखंड बाहेर काढायची असते. किंमत अशी की रुग्णालयात साधारण तीन ते पाच दिवस, जखमेत संसर्ग होण्याची अधिक शक्यता आणि पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे.

कर्करोगात सरसकट नियम लावू नये. गर्भपिशवीच्या अस्तराच्या कर्करोगात दुर्बिणीची शस्त्रक्रिया चांगली ठरली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नेमके उलटे घडले: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साडेचार वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडलेल्या गटात 96.5 टक्के आणि दुर्बिणीच्या व रोबोटच्या गटात 86 टक्के होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग असताना कोणी "छोट्या छेदातून करून देतो" म्हणाले, तर तिथेच थांबून कर्करोगाच्या शल्यचिकित्सकांचे मत घ्यावे.

चौथी पायरी: डॉक्टरांसमोरची पंधरा मिनिटे

प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि सोबत ऐकणारे एक माणूस असावे, शक्यतो बोलण्यापेक्षा लिहिणारे. तुम्ही या मार्गाने दर वर्षी किती शस्त्रक्रिया करता, सुरू केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडण्याची वेळ किती जणींवर येते, आणि आतून अंडाशय निरोगी दिसले तर काय कराल, हे तीन प्रश्न विसरू नयेत. ज्या मार्गात डॉक्टरांचा हात बसलेला आहे तो मार्ग, कागदावर दुसरा सरस दिसला तरी, बहुधा अधिक सुरक्षित असतो. दुर्बिणीवरून पोट उघडण्याकडे वळणे हे अपयश नव्हे. रक्तस्राव होत असताना हट्टाने न वळणे हे अपयश.

संमतीपत्र मराठीत मागावे, तो रुग्णाचा हक्क आहे. त्यावर "गर्भपिशवी", "डावा अंडाशय", "उजवा अंडाशय", "बीजवाहिन्या" अशी प्रत्येक अवयवाची वेगळी ओळ असावी आणि प्रत्येकीपुढे काढायचा की ठेवायचा हे स्वतःच्या अक्षरात लिहावे. गर्भाशयमुख काढणार की ठेवणार, हेही लिहून घ्यावे, कारण ते ठेवले तर पॅप चाचणी पुढेही करावी लागते.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात भूलतज्ज्ञ, एकदाच वापरायची साधने, रक्त आणि तुकड्याची तपासणी धरली आहे का ते पाहावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे आणि नेमकी हीच शस्त्रक्रिया, याच मार्गाने, याच रुग्णालयात योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे.

पाचवी पायरी: तयारी

वर्षानुवर्षे अंगावरून गेलेल्या बायकांचे हिमोग्लोबिन 6 किंवा 7 असणे आमच्या विभागात रोजचे होते. तातडीची गरज नसेल तर शिरेतून लोह देऊन, गोळ्यांनी रक्तस्राव रोखून, चार-सहा आठवड्यांत ते 10 च्या वर आणावे. ऐनवेळी दोन बाटल्या रक्त चढवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यातील स्त्रियांनी सिकलसेलची चाचणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी आणि निकाल भूलतज्ज्ञांना दाखवावा, कारण सिकलसेल असल्यास भुलीच्या वेळी ऑक्सिजन, पाणी आणि शरीराची ऊब यांची विशेष काळजी घ्यावी लागते. साखर, रक्तदाब, थायरॉइड आणि हृदयाचा आलेख हे नेहमीचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वैद्याकडून आणलेली चूर्णे, दोन्ही सांगावीत.

तारीख निवडताना शेतीचे वेळापत्रक प्रामाणिकपणे समोर ठेवावे. निफाड-दिंडोरीच्या बायका द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी आटोपून येतात आणि ते बरोबर आहे, पण ऑक्टोबर छाटणीच्या आधी पंधरा दिवस उरले असताना शस्त्रक्रिया करून घेणारी बाई डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड द्रावणात बुडवायला, उभी राहिल्याशिवाय राहत नाही, हा माझा अनुभव आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरही आतली शिवण भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. पोटावर छेद छोटा दिसतो म्हणून आतली जखम छोटी नसते.

सहावी पायरी: शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर थांबलेल्या माणसाचे काम

शस्त्रक्रिया संपत आल्यावर थिएटरचे दार अर्धवट उघडते आणि सिस्टर स्टीलचा ट्रे घेऊन नातेवाईकांना काढलेले अवयव दाखवतात. बहुतेक नवरे मान फिरवतात. मी त्यांना सांगत असे, दोन मिनिटे पाहा. मधोमध गुलाबी-तांबूस, उलट्या पेरूसारखी गर्भपिशवी असते, फायब्रॉइड असतील तर वेडीवाकडी. तिच्या दोन्ही बाजूंना बीजवाहिन्यांच्या बारीक नळ्या, आणि अंडाशय काढले असतील तर बदामाएवढे, पांढरट, खडबडीत दोन गोळे. ते दिसले तर "अंडाशय काढायचे ठरले होते का?" हा प्रश्न त्याच दारात विचारता येतो, उत्तर काही असो, ते फाइलमध्ये लिहिले जाते.

पुष्कळ ठिकाणी बरणी नातेवाईकांच्याच हाती देऊन प्रयोगशाळेत पाठवतात. ती फॉर्मॅलिनने भरलेली असावी आणि तिच्यावर नाव, वय, तारीख व अवयवांची नावे असावीत. साध्या पाण्यात किंवा मोकळ्या प्लास्टिकच्या पिशवीत नेलेला अवयव काही तासांत तपासणीच्या कामाचा राहत नाही. "गाठ साधीच आहे, पैसे कशाला घालवता" असे कोणी म्हटले तरी तपासणी टाळू नये.

सातवी पायरी: घरी गेल्यावर

लघवीची नळी बहुधा पहिल्या दिवशीच काढतात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालायला लावतात, आणि ते पायांतल्या रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी असते, छळ म्हणून नव्हे. पेठ किंवा सुरगाण्याच्या बाईने पहिला आठवडा शक्य तर शहरातल्या नातेवाईकांकडे काढावा. घाटातून रात्री परत येण्याची वेळ आली तर ते अंतर फार मोठे वाटते. पहिले सहा आठवडे पाण्याची कळशी, गॅसची टाकी, नातवंड, काहीही उचलू नये, कुंथू नये, आणि डॉक्टरांनी आतून तपासून सांगेपर्यंत शरीरसंबंध टाळावा. दुचाकी चालवण्याची घाई करू नये.

100.4 फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, एका पोटरीला सूज किंवा अचानक धाप, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोन लक्षणे बायका लाजेपोटी लपवतात, म्हणून वेगळी सांगते: योनीतून सतत पाण्यासारखे गळत राहणे, आणि बरगडीखाली कुशीत दुखून लघवी कमी होणे. पहिले मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला पडलेल्या छिद्राचे आणि दुसरे मूत्रवाहिनी बांधली गेल्याचे चिन्ह असू शकते. वेळेत कळले तर दोन्ही दुरुस्त होतात.

तपासणीचा अहवाल साधारण आठ-दहा दिवसांत येतो. तो स्वतः आणावा आणि त्यातील दोन ओळी वाचून घ्याव्यात: निदानाची ओळ, आणि कोणकोणते अवयव मिळाले त्याची ओळ. ही दुसरी ओळ डिस्चार्ज कार्डाशी आणि संमतीपत्राशी जुळते का ते पाहावे. तिन्ही कागदांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात आणि वरच्या पानावर ठळक मराठीत लिहावे: गर्भपिशवी काढली, तारीख अमुक, उजवा अंडाशय आहे किंवा नाही, डावा अंडाशय आहे किंवा नाही. जाऊबाईंची फाइल आता अशीच आहे. ते पान मी लिहिले, त्याखाली चष्मा लावून त्यांनी पुन्हा एकदा सही केली, आणि दर वर्षी हाडांची तपासणी करायला जाताना ती फाइल त्यांच्या पिशवीत असते.